बिऱ्हाडाचं ओझं

हिंदुस्थानात नव्याने आलेल्या गोऱ्या बायकांना इथलं घर चालवता यावं म्हणून फ्लोरा अ‍ॅनी स्टील आणि ग्रेस गार्डिनर या दोघींनी १८८० च्या दशकाच्या अखेरीस एक जाडजूड पुस्तक लिहिलं. उन्हाळ्यात थंड हवेच्या ठिकाणी मुक्काम हलवताना सामान कसं बांधावं, याची त्यात रीतसर यादी आहे. एक बाई, तीन-चार मुलं आणि एक गोरी दाई एवढ्या कुटुंबाला अकरा उंट. कोणत्या उंटावर कपड्यांच्या पेट्या, कोणत्यावर पुस्तकं, कोणत्यावर लोखंडी खाटा आणि दिवे, हेही ठरवून दिलेलं. पियानो न्यायचा तर त्याला स्वतंत्र गाडी हवी. गाडीरस्ता नसेल तर चौदा-सोळा हमाल लावा. घरच्या गाई बरोबर असतील तर त्यांना कुटुंबाच्या बारा तास आधी चालायला लावा.

आज यादी वाचताना हसू येतं. पण बायांचा हिशेब चोख होता. सगळं सामान उंटाच्या पाठीच्या मापाने तोललेलं आहे. दोन्ही बाजूंना सारखं वजन पडलं पाहिजे, म्हणून पेट्या जोडीने आणि एकाच आकाराच्या. घर हलवताना काय न्यायचं आणि काय सोडायचं हे घरची माणसं ठरवतात, असा आपला समज असतो. महाराष्ट्रातल्या बिऱ्हाडांचा गेल्या दोनशे वर्षांचा प्रवास पाहिला तर ते बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणीतरी ठरवलेलं दिसतं: कधी बैलाने, कधी प्लेगच्या डॉक्टरने, कधी भाडे कायद्याने, कधी सरकारी परिपत्रकाने.

मराठ्यांच्या फौजांनाही हा प्रश्न छळत होता. शिवाजी महाराजांच्या लष्करात मोहिमेवर बायका नेण्याची बंदी होती, हे सभासदाच्या बखरीत नोंदलेलं आहे. पुढच्या शतकात ती शिस्त राहिली नाही. १७६० साली सदाशिवरावभाऊ उत्तरेत उतरले तेव्हा लढणाऱ्यांबरोबर बुणगे, यात्रेकरू, सरदारांची कुटुंबं असा भलामोठा पसारा होता. जड सामान आणि बायकामुलं मागे सुरक्षित ठेवा, असा सल्ला सूरजमल जाटाने दिला. तो मानला गेला नाही. पानिपतच्या पराभवाची कारणं पुष्कळ आहेत, पण वेढ्यातल्या त्या पसाऱ्याला खायला घालणं हे त्यातलं लहान कारण नव्हे.

शांततेच्या काळात सामान्य घराची वाहतूक म्हणजे पाठीवर गोण लादलेले बैल. घाटावरून कोकणात उतरायचं तर दुसरा उपाय नव्हता. धान्य आणि मीठ वाहणारे बंजारे तर अख्खा संसारच बैलावर घालून हिंडत. त्यांच्या घरात बैलाला न पेलणारी वस्तूच नसे. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने १८३० साली बोरघाटाचा गाडीरस्ता खुला केला आणि चाकाची गाडी देशावरून थेट पनवेलच्या बाजूला उतरू लागली. त्याच दशकात सोलापूरकडे टेंभुर्णीला लेफ्टनंट गेसफर्ड याच्या देखरेखीखाली हलक्या, सुधारलेल्या बैलगाड्या बनू लागल्या. जुन्या गाड्यांची भरीव चाकं इतकी जड असत की अर्धा जोर त्या ओढण्यातच खर्ची पडे. नव्या गाडीने घराला एक नवी सवलत दिली: कपाट, पलंग, मोठा संदूक अशा आडमापाच्या वस्तू आता गावाबाहेर जाऊ शकत होत्या.

तरी बांधाबांधीची पद्धत फारशी बदलली नाही. तिचं सगळं शास्त्र घरातल्याच वस्तूंत होतं. जुन्या नऊवारी लुगड्याची चारही टोकं आवळली की बोचकं तयार. पातेली एकात एक बसवायची, मधल्या जागेत डाळ-तांदळाच्या पुरचुंड्या कोंबायच्या, म्हणजे भांडी वाजत नाहीत आणि जागाही वाया जात नाही. लोणच्याच्या चिनी मातीच्या बरणीला दादरा बांधून ती भाताच्या पेंढ्यात उभी करायची. गोधड्या आणि वाकळा म्हणजे घरचा कापूस. आरसा, तसबिरी, काचेची चिमणी त्यांच्या घडीत. पितळेच्या भांड्यांवर नाव आणि सालसुद्धा कोरलेलं असे. एकाच गाडीत दोन घरांचं सामान चढलं तर भांडण होऊ नये, हाही त्या कोरीव नावांचा उपयोग होता. पाटा-वरवंटा आणि जातं मात्र कुणी सहसा हलवत नसे. त्यांच्या वजनात दुसरं बरंच काही बसलं असतं, आणि नव्या गावात पाथरवट असतोच.

१८६३ मध्ये बोरघाटातून आगगाडी सुरू झाली आणि मुंबई-पुणे लोहमार्ग सलग झाला. रेल्वेने बिऱ्हाडाला दोन तुकड्यांत वाटलं. एक तुकडा माणसाबरोबर डब्यात चढणारा: पत्र्याची ट्रंक, अंथरुणाची वळकटी, फिरकीचा तांब्या, फराळाचा डबा. दुसरा ब्रेकव्हॅनमधून किंवा मालगाडीने मागाहून येणारा. पहिल्या तुकड्यात जे मावेल तेवढ्यावर नव्या गावातले सुरुवातीचे दिवस काढायचे. फिरकीचा तांब्या ही या व्यवस्थेतली खास देणगी. गाडीच्या धक्क्याने पाणी सांडू नये म्हणून आट्यांचं झाकण, आणि शिवाशिवीच्या त्या काळात घरचंच पाणी प्यायची सोय. रेव्हरंड टिळकांच्या नोकऱ्या आणि मुक्काम सारखे बदलत राहिले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त मोडलेला आणि पुन्हा मांडलेला संसार पानोपानी दिसतो, तो याच काळातला.

मग प्लेग आला.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात मूळच्या गोव्याच्या डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी पहिला रोगी ओळखला. १८९१ च्या जनगणनेत शहराची वस्ती सव्वाआठ लाखांच्या आसपास होती. पुढच्या फेब्रुवारीपर्यंत त्यातली जवळजवळ निम्मी माणसं शहर सोडून गेली होती. एवढी बिऱ्हाडं इतक्या थोड्या काळात मुंबईतून कधीच हलली नव्हती. आणि या बांधाबांधीला एक वेगळी भीती चिकटली होती: सामानच संशयित झालं होतं. कपडे, अंथरुणं, जुनी बोचकी यांतून रोग पसरतो, असं सरकार धरून चाललं होतं. स्टेशनांवर उतारूंची तपासणी होई, वळकट्या सोडून कपड्यांना औषधाची वाफ दिली जाई. पुण्यात रँडच्या प्लेग कमिटीचे सोल्जर घरात शिरत तेव्हा आतलं सामान अंगणात येऊन पडे आणि त्यातलं काही जाळलं जाई. देवघर आणि स्वयंपाकघरही त्यातून सुटलं नाही. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, तिच्यामागे जो संताप होता त्यात या उघड्यावर फेकलेल्या संसारांचा वाटा मोठा होता.

प्लेग एका सालात संपला नाही. तो दरसाल परत येत राहिला आणि लोकांनी त्याच्याशी जुळवून घेतलं. घरात उंदीर पडला की गावाबाहेर माळावर झोपड्या बांधायच्या आणि साथ ओसरेपर्यंत तिथे राहायचं, हा देशावरच्या कित्येक गावांचा शिरस्ता झाला. त्यासाठी लागणारा संसार आटोपशीर होता: तवा, दोन पातेली, कंदील, घोंगड्या, देवाचा डबा. मागे राहिलेल्या घरावर चोर नजर ठेवून असत, म्हणून दागिने आणि कागदपत्रं अंगावर. त्या पिढीच्या आठवणींत माळावरच्या या मुक्कामांचं वर्णन अनेकदा जवळजवळ सहलीच्या आनंदाने येतं, ते बहुधा लिहिणारे तेव्हा लहान होते म्हणून. घरातल्या बायकांनी ते लिहिलं असतं तर सूर वेगळा लागला असता.

कोकणातून मुंबईला येणाऱ्यांची बांधाबांधी आगबोटीने ठरवली. बोट अनेक बंदरांत धक्क्याला लागत नसे. ती समुद्रात उभी राही आणि माणसं, गाठोडी, पेट्या पडावातून हेलकावे खात तिच्यापर्यंत जात. एका माणसाला डोक्यावर किंवा खांद्यावर पेलेल आणि वर उभ्या असलेल्या खलाशाला ओढून घेता येईल, एवढंच सामान न्यायचं. पावसाळ्यात बोटी बंद, तेव्हा घर हलवण्याचा विचारही बंद. गिरणगावात पोहोचल्यावर त्या सामानालाही पुरेशी जागा नसे. एका खोलीत दोन पाळ्यांचे गडी, प्रत्येकाची भिंतीलगत एक ट्रंक आणि खुंटीवर कपडे. संसार गावी, कमावता माणूस मुंबईत. त्यामुळे अख्खं बिऱ्हाड असं मुंबईला फार थोडी घरं आणत. कित्येकांनी उभं आयुष्य एका ट्रंकेवर काढलं.

मुंबईत घरबदल दुर्मिळ झाला तो मात्र कायद्याने. युद्धामुळे वाढलेल्या भाड्यांना आळा घालण्यासाठी १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला आणि प्रमाण भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधलं गेलं. भाडेकरूला त्याने मोठंच संरक्षण दिलं. पण त्याची दुसरी बाजू अशी की स्वस्तात मिळालेली खोली सोडणं वेडेपणाचं ठरलं. नवी जागा हवी तर पागडी मोजा. मुलांची लग्नं झाली, नातवंडं आली, तरी दीडखणी खोली तीच. सामान बाहेर जाण्याऐवजी वर चढू लागलं: पोटमाळा, फळ्या, कपाटावर बॅगा, पलंगाखाली ट्रंका. चाळीतल्या त्या पोटमाळ्यावर न सोडलेल्या बोचक्यांचे थर साचले. हा ‘तात्पुरता’ कायदा मुदतवाढींवर मुदतवाढी घेत अर्धशतक टिकला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला, त्याने पागडीला कायदेशीर मान्यता दिली आणि मुदत संपलेल्या लिव्ह अँड लायसन्सवाल्याकडून जागा परत घेण्याचा मालकाचा रस्ता सोपा केला. अकरा महिन्यांचा करार हे आता पुण्या-मुंबईतल्या लाखो भाडेकरूंचं पंचांग आहे. ज्या शहरात आजोबांनी पन्नास वर्षांत घर बदललं नाही, तिथे नातू खोकी फोडून टाकत नाही. ती पलंगाखाली घडी करून ठेवतो, पुढच्या करारासाठी.

या सगळ्या काळात नियमाने घर हलवणारा एकच वर्ग होता: बदलीचा. पोस्ट, रेल्वे, बँका, महसूल, पोलीस, फौज. या घरांतलं फर्निचरही बदलीला धरून घेतलेलं असे: घडीच्या खुर्च्या, नट-बोल्टांनी सुटणारे पलंग, आणि पांढऱ्या रंगात नाव नि हुद्दा घातलेल्या काळ्या पेट्या. किती संसार न्यायचा हेही सरकार किलोत सांगतं. सातव्या वेतन आयोगानंतरच्या केंद्राच्या नियमांत सहाव्या स्तरापासून वरच्या नोकराला ६,००० किलो, पाचव्या स्तराला ३,००० आणि चौथ्या स्तरापर्यंत १,५०० किलो घरसामान सरकारी खर्चाने नेता येतं. वरच्या साहेबाच्या घरात चौपट वस्तू असतात, हे गृहीत धरलेलं आहे. असतातही.

सामान उचलणाऱ्यांची गोष्ट या हिशेबांत क्वचितच येते. डोक्यावर ओझं वाहणाऱ्या कामगारांना अण्णासाहेब पाटलांनी संघटित केलं आणि १९६९ मध्ये महाराष्ट्राने माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा केला. मंडळात नोंदणी, ठरलेली मजुरी, भविष्यनिर्वाह निधी या गोष्टी हमालीच्या धंद्यात पहिल्यांदा आल्या. हा कायदा प्रामुख्याने बाजारपेठा आणि गोदामांचा. घर हलवणाऱ्या टेम्पोबरोबर येणारी चार पोरं आजही बऱ्याचदा त्याच्या बाहेरच राहतात. जिना चढून कपाट वर न्यायचे जास्तीचे पैसे किती, यावर फाटकाशी होणारी घासाघीस हाच त्यांचा वेतन करार.

‘पॅकर्स अँड मूव्हर्स’ हा धंदाही बदलीच्या संसारांवरच वाढला. १९८७ मध्ये हैदराबादेत अग्रवाल पॅकर्स सुरू करणारे रमेश अग्रवाल हे स्वतः हवाई दलातून आलेले, आणि त्यांचे सुरुवातीचे ग्राहकही बदली झालेले फौजीच. पुढे खासगी कंपन्या नोकरांच्या घरबदलाचा खर्च देऊ लागल्या आणि पुणे, बेंगळुरू, हैदराबाद या मार्गांवर धंद्याने जोर धरला. लुगडं, पेंढा आणि चहाची फळकुटी खोकी जाऊन पन्हळी पुठ्ठा आला, चिकटपट्टी आली, बबल रॅप आला. बबल रॅप १९५७ मध्ये अमेरिकेत दोघा संशोधकांनी केला तो भिंतीवर चिकटवायचा कागद म्हणून. भिंतींनी तो नाकारला, खोक्यांनी घेतला.

गाडी बांधून झाली की तिला नाके लागत. महापालिकेच्या जकात नाक्यावर हे विकाऊ माल नसून घरचं वापरलेलं सामान आहे, हे पटवून देण्यात रात्री जात. म्हणून यादीच्या प्रती, बदलीचा हुकूम, जुन्या पत्त्याचा पुरावा चालकाजवळ द्यावा लागे. मुंबईतली जकात १ जुलै २०१७ ला जीएसटीबरोबर गेली. वापरलेल्या घरगुती सामानाला नव्या व्यवस्थेत ई-वे बिलाची गरज नाही. यादी मात्र राहिलीच, फक्त आता ती विम्यासाठी होते: फ्रीज एक, डावीकडे पोचा, काचेचं टेबल एक, ओरखडा जुना. दागिने, रोकड, कागदपत्रं आमच्या जबाबदारीवर नाहीत, असं कंपन्यांच्या अटींत बहुधा छापलेलं असतं. देवांचा त्या अटींत उल्लेख नसतो, पण टाक आणि बाळकृष्ण ट्रकमध्ये चढवणारं घर अजून विरळाच. ते डब्यात, रेशमी फडक्यात, कारमध्ये पुढच्या सीटवर बसलेल्या बाईच्या मांडीवर जातात, आणि नव्या घरात गॅसची जोडणी व्हायच्या आत त्यांच्यासमोर दिवा लागलेला असतो.