निशाणी नांगराची

दिवाळीच्या साफसफाईत घरोघर काय काय सापडते! कुणाला हरवलेली नथ सापडते, कुणाला मुलाचे लपवून ठेवलेले प्रगतिपुस्तक. २०२३ च्या दिवाळीत आमच्या माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत, पणजीच्या विटलेल्या लुगड्याखाली, एक कागद सापडला. चार घड्या घातलेला, कडा कसरीने खाल्लेल्या, आणि वर मोडी अक्षरांची दाट पलटण. मी मॅट्रिक झालेला मास्तर. वीसएक वर्षे पोरांना वाचायला शिकवतो आहे; दोनचार कादंबऱ्याही माझ्या नावावर आहेत. पण त्या कागदावरचे एक अक्षर मला लागेना. शेवटी भाऊबीज उरकल्यावर तालुक्याला गेलो आणि कचेरीच्या दप्तरखान्यात उभी हयात घालवलेल्या एका वृद्ध गृहस्थांपुढे तो ठेवला.

त्यांनी चष्मा पुसला, कागद उजेडाकडे धरला आणि म्हणाले, "कर्जरोखा आहे, मास्तर. शके १७९२. तुमच्या घराण्यातल्याच कुणाचा तरी."

म्हणजे इसवी सन १८७० च्या सुमाराचा. लिहून देणार माझे खापरपणजोबा. रक्कम रुपये ७५, व्याज दरमहा दरशेकडा दोन रुपये, आणि अखेरीस ठरलेली ओळ : हा रोखा राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून दिला असे. त्याच्या खाली एक वेडीवाकडी आकृती होती. मी ती शाईचा डाग समजत होतो.

"डाग नव्हे," ते म्हणाले, "नांगर आहे. निशाणी नांगराची."

ज्याला लिहिता येत नसे तो सहीच्या जागी आपली निशाणी काढी. कुणब्याचा नांगर, बाईमाणसाची बांगडी. शेजारी खत लिहिणारा आपल्या वळणदार अक्षरात ती कुणाची निशाणी ते नोंदवी. खत लिहिणारा बहुधा सावकाराचाच माणूस, साक्षीदारही त्याच्याच ओटीवर बसणारे. वरचा सगळा मजकूर दुसऱ्याचा. आपला म्हणून त्या कागदावर होता तो एवढाच नांगर.

आमच्या घरात एक कथा पिढ्यान्पिढ्या सांगितली जाते. खापरपणजोबांनी दरसाल सुगीला दोन पोती बाजरी सावकाराकडे पोचवली आणि कर्ज फेडून खत परत आणले. आजी हे सांगताना मान ताठ करीत असे. कर्ज फिटले की खत कुळाला परत मिळे, ही रीत खरी. तेव्हा ट्रंकेत खत सापडले याचा अर्थ कथा खरी, असे मी मनाशी म्हणतो आहे, तोच त्या गृहस्थांनी कागद पालटला. पाठीवर एकच नोंद होती. येणे रुपये १२९ चे नवे खत शके १७९५ साली करून घेतले, सबब हे रद्द. बाजरीचा उल्लेख कुठेही नव्हता.

ही नोंद समजायची तर थोडा इतिहास चाळावा लागेल. वाचकांनी फराळाचे ताट जवळ घेऊन बसावे. कंटाळा येणार नाही अशी आशा आहे.

सावकार काही इंग्रजांनी आणला नाही. तो पूर्वीही होता आणि पूर्वीही व्याज घेत होता. पण गावाला सोडून त्याचे चालत नसे. वसुली गावाच्या सल्ल्याने, पंचांच्या भिडेने होई, आणि कुळ गाव सोडून पळाले तर नुकसान त्याचेच. शिवाय दामदुपटीचा जुना धर्मशास्त्रीय दंडक होता : एका वेळी मागायचे व्याज मुद्दलाहून अधिक होता कामा नये. इंग्रजी अमलात सारा रोखीत आणि ज्याचा त्याच्याकडून घेण्याची पद्धत आली. १८३६ साली इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्या मोजणीला आरंभ केला. जमीन आता विकता येई, गहाण टाकता येई, जप्त होई. मग आली दिवाणी न्यायालये. मुनसफापुढे गाव नसते, पंच नसतात. असतो तो फक्त कागद. कागदावर निशाणी आहे ना? मग हुकूमनामा. बिचारे न्यायाधीश तरी काय करणार, त्यांना कायद्याने तेवढेच पाहायला सांगितले होते.

सरकारचा हेतू वाईटच होता असे मात्र मी म्हणणार नाही. १८५९ साली मुदतीचा कायदा झाला. कर्जाचे खत तीन वर्षांपुरतेच चालेल, जुनी खते उकरून कुळांना छळता येणार नाही, असा त्यातला दयाळू विचार. सावकारांनी त्या दयेचेच जाते केले. तीन वर्षे भरत आली की कुळाला बोलवायचे, मुद्दल आणि व्याज एक करून त्या रकमेचे नवे खत करायचे, आणि त्यावर पुन्हा नांगर काढून घ्यायचा.

आमच्याच खताचे गणित मी सातवीच्या फळ्यावर मांडले. ७५ रुपयांवर तीन वर्षांचे व्याज ५४, एकूण १२९. पाठीवरचा आकडा तंतोतंत जुळला. म्हणजे तीन वर्षांतली बाजरी सावकाराच्या लेखी पिकलीच नव्हती. हेच चक्र आणखी दोनदा फिरले तर नऊ वर्षांअखेर ३८१ रुपये होतात. साध्या व्याजाने २३७ झाले असते. दामदुपटीने १५० च्या पुढे जाताच आले नसते. पण दामदुपट मोजणार मुद्दलावर, आणि दर तीन वर्षांनी व्याजच मुद्दल होऊन बसत असे! एका मुलाने विचारले, "गुरुजी, मग त्यांनी सही का केली?" मी म्हणालो, "त्यांना वाचता येत नव्हते." उत्तर देताना माझा आवाज किंचित खाली गेला. त्याचे कारण पुढे येईल.

बाजरीचा हा प्रकार आमच्याच घरी घडला असेही नाही. कर्जत तालुक्यातल्या मिरजगावच्या एका रयतेने अहमदनगरच्या कलेक्टराकडे केलेला अर्ज पुढे सरकारी दप्तरात जपला गेला. त्याची तक्रार थोडक्यात अशी : उधारीने घेतलेल्या धान्या-कापडाला रोखीच्या गिऱ्हाइकापेक्षा पंचवीस ते पन्नास टक्के जास्त दर लावतात; शेतातला माल जमेस धरू म्हणून उचलून नेतात, पण वहीत धरीत नाहीत; पावती मागितली तर देत नाहीत.

त्यात अमेरिकेतल्या यादवी युद्धाने भर घातली. १८६१ ते १८६५ या काळात तिकडचा कापूस अडला, मुंबईचा भाव चढला आणि सावकार घरी येऊन कर्ज देऊ लागले. युद्ध संपले, भाव कोसळला. हात आखडले गेले. त्याच सुमारास साऱ्याची फेरआकारणी होऊन तो कित्येक ठिकाणी पन्नास ते शंभर टक्क्यांनी वाढला. मग १८७४ साली शिरूर तालुक्यात लोकांनी सावकारांवर बहिष्कार घातला. त्यांच्या दुकानी जायचे नाही, त्यांची शेते कसायची नाहीत. न्हाव्याने, परटाने, चांभाराने त्यांचे काम करायचे नाही.

आणि १२ मे १८७५ रोजी सुपे पेटले. सुपे म्हणजे शहाजीराजांच्या जहागिरीतले गाव. तेव्हा भीमथडी तालुक्यात होते, आज बारामती तालुक्यात आहे. आसपासच्या खेड्यांतली रयत तिथल्या पेठेत जमली. दुकाने फुटली, धान्य लुटले गेले, काही घरांना आगीही लागल्या. पण लोकांनी मागितले ते सोने नव्हे, नाणे नव्हे. वह्या आणि खते मागितली, आणि ती भर रस्त्यात जाळली. हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या तीसाहून अधिक गावांत पसरले. पुढे चौकशीत असे दिसले की सावकाराने खते निमूट काढून दिली तिथे बहुधा त्याच्या केसालाही धक्का लागला नाही. पकडले गेले ९५१.

जमावाचा रोख मुख्यतः बाहेरून येऊन स्थायिक झालेल्या मारवाडी आणि गुजर सावकारांवर होता. गावातले देशी सावकार बहुतेक सुटले. ही गोष्ट आपण अभिमानाने दंगा सांगताना सहसा गाळतो. ती गाळू नये.

सरकारने आयोग नेमला. त्याचा अहवाल १८७८ साली ब्रिटिश पार्लमेंटपुढे गेला. १०० रुपयांच्या कर्जावर २,००० हून अधिक व्याज लावल्याचे प्रकरण त्या चौकशीत निघाले. आणि १८७९ साली दक्षिणेतल्या शेतकऱ्यांच्या मदतीचा कायदा झाला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू होता. न्यायमूर्ती रानडे यांनी या कायद्याखालच्या न्यायखात्यात काही वर्षे काम केले. मला त्या कायद्यातल्या दोन गोष्टी फार मोलाच्या वाटतात. एक, न्यायाधीशाने खतावरची रक्कम निमूट मानू नये. खताच्या पाठीमागे जाऊन मूळ व्यवहार कसा झाला ते शोधावे. दुसरी, शेतकऱ्याचे खत सावकाराच्या ओटीवर न लिहिता गावच्या निबंधकापुढे लिहिले जावे आणि ते कुळाला मोठ्याने वाचून दाखवावे. शिवाय पावती मिळण्याचा, हिशेब मागण्याचा आणि पासबुकाचा हक्क.

मोठ्याने वाचून दाखवावे! एवढी साधी गोष्ट कायद्यात लिहावी लागली, आणि त्यासाठी सुप्याला आग लागावी लागली.

त्या कायद्याने सगळे सुधारले असे नाही. सावकारांनी गहाणखत सोडून सरळ खरेदीखतच लिहून घ्यायला सुरुवात केली आणि पैसे फिटले की जमीन परत देऊ, असे तोंडी सांगू लागले. पण कायदाही शिकत गेला. १८७२ च्या करार कायद्यात संमतीची व्याख्या अशी आहे की दोघांनी एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य केली तरच ती संमती. १८९९ साली त्याच कायद्यातले गैरवाजवी दडपणाचे कलम नव्याने लिहिले गेले, आणि त्याखाली उदाहरण आले ते कुणाचे? खेड्यातल्या सावकाराचे. आधीच ऋणात असलेल्या माणसाने आपल्याच गावच्या सावकाराकडून जाचक अटींवर नवे कर्ज घेतले, तर दडपण नव्हते हे सावकाराने सिद्ध करायचे. ते उदाहरण आजही त्या कायद्यात जसेच्या तसे छापलेले असते.

आता माझा खाली गेलेला आवाज.

२०२२ च्या पावसाळ्यात शाळेचा पगार दोन महिने अडला होता आणि मुलीची फी भरायची होती. कुणाकडे तोंड वेंगाडायला नको म्हणून मोबाइलवरच्या एका कर्ज देणाऱ्या ॲपकडे ८,००० रुपये मागितले. पडद्यावर अटींची लांबच लांब इंग्रजी पाने सरकू लागली. खाली एक चौकोन होता : मी हे सर्व वाचले आहे व मला मान्य आहे. मी अंगठ्याने खूण केली. किती वाचले? एक ओळसुद्धा नाही.

खात्यावर आले ५,६००. बाकीचे खर्चापोटी आधीच कापलेले. रक्कम देतानाच असे कापून घेण्याला जुन्या सावकारीत 'मनोती' म्हणत. सात दिवसांत परत करायचे मात्र पुरते ८,०००. दर आठवड्याला शेकडा जवळजवळ ४३! खापरपणजोबांच्या सावकाराला शेकडा चोवीस मिळवायला वर्ष लागत होते. दोन दिवस उशीर झाला, तर मुख्याध्यापकांना फोन, मेहुणीला फोन, एका विद्यार्थ्याच्या वडिलांना फोन : तुमचे मास्तर चोर आहेत. त्या न वाचलेल्या अटींत मी माझ्या फोनमधली सगळी नावे त्यांच्या हवाली केली होती. बायकोचे डोरले गहाण ठेवून पैसे भरले. सौ.ने त्यावर एक शब्दही काढला नाही. ती बोलली असती तर बरे वाटले असते.

मी एकटाच मूर्ख नव्हतो, हे समाधान फार उशिरा मिळाले. रिझर्व्ह बँकेच्या एका कार्यगटाला २०२१ च्या पहिल्या दोन महिन्यांत अशी सुमारे १,१०० ॲपे आढळली होती. त्यांतली ६०० बेकायदा. माझे प्रकरण झाल्यावर थोड्याच आठवड्यांनी, २ सप्टेंबर २०२२ रोजी, बँकेने नियम काढले. कर्जदाराच्या फोनमधली नावे पाहायची नाहीत. सगळे शुल्क धरून वर्षाचा खरा दर किती पडतो ते एका विवरणपत्रात आधी सांगायचे. आणि एप्रिल २०२४ मध्ये आणखी एक फर्मान निघाले : हे विवरणपत्र कर्जदाराला समजेल त्या भाषेत असावे आणि त्यातला मजकूर त्याला समजावून सांगावा. ते वाचताना मला १८७९ चा तो गावचा निबंधकच पुन्हा खुर्चीवर येऊन बसल्यासारखा वाटला.

नांगर जाऊन अंगठा आला, त्यालाही इतिहास आहे. १८५८ साली बंगालात जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या अंमलदाराने एका कंत्राटदाराच्या करारावर त्याच्या पंजाचा ठसा घेतला. उद्या त्याने करार नाकारू नये म्हणून. आम्ही लिहायला शिकलो, अंगठा सुटला, आणि आता काचेवर पुन्हा अंगठाच टेकवतो. फरक इतकाच की सुप्याच्या पेठेत जाळायला कागद तरी होते.

मुलगी आता कॉलेजात जाते. तिच्या स्कूटरसाठी आम्ही एका बँकेत गेलो. कारकुनाने कागदांचा गठ्ठा पुढे सरकवला. सह्यांच्या जागी त्याने पेन्सिलीने फुल्या मारून ठेवल्या होत्या. मी विवरणपत्र मराठीत मागितले. तो जरा कुरकुरला, पण दिले. मग मी मुलीला म्हणालो, "वाच. मोठ्याने." रांगेतली माणसे पाहू लागली. ती लाजत लाजत वाचू लागली. पंधरावीस मिनिटे गेली असतील. दुसऱ्या पानावर ती थांबली.

"बाबा, हा विमा कसला? आपण मागितला होता का?"

आम्ही मागितला नव्हता. कारकून म्हणाला, सगळेच घेतात. मी म्हणालो, काढा. त्याने तो काढला, नवे पान छापून आणले आणि पेन माझ्या हातात दिले. मी पेन मुलीकडे दिले, आणि तिला ते पान पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला सांगितले.