डाव्या-उजव्याचा हिशेब

डाव्या स्तनाच्या कॅन्सरसाठी रेडिएशन घेणाऱ्या बाईला हल्ली अनेक ठिकाणी खोल श्वास घेऊन वीसेक सेकंद रोखून धरायला सांगतात. फुप्फुसे फुगतात, श्वासपटल खाली उतरते, हृदय छातीच्या भिंतीपासून मागे आणि खाली सरकते. किरण तेवढ्या अवधीतच सोडतात. या युक्तीचा इतिहास बहुधा यंत्रांची प्रगती म्हणून सांगितला जातो. मला मात्र तिचे खरे श्रेय मृत्यूच्या नोंदी चिकाटीने ठेवणाऱ्यांचे वाटते. १९८७ साली जॅक कुझिक आणि सहकाऱ्यांनी जुन्या चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा शस्त्रक्रियेनंतर दहा वर्षे जगलेल्या बायकांमध्ये पुढे किरण घेतलेल्यांचेच मृत्यू जास्त निघाले. १९९४च्या त्यांच्या पुढच्या आढाव्यात बोट थेट हृदयाकडे वळले. पण चाचण्यांबाहेरच्या नोंदींत किरण घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या बायका मुळातच वेगळ्या असतील तर? ही शंका फेडायला शरीररचनाच कामी आली. गाठ डावीकडे होते की उजवीकडे, याचा बाईच्या रक्तदाबाशी किंवा सिगारेटशी संबंध नसतो. म्हणून उजवीकडच्या रुग्ण आपोआप तुलनेचा गट ठरतात. ऑक्सफर्डच्या सारा डार्बी यांनी २००५ मध्ये अमेरिकेतील सुमारे तीन लाख बायकांच्या नोंदी अशा लावल्या. १९७३ ते १९८२ दरम्यान निदान होऊन किरण घेतलेल्यांत, पंधरा वर्षांनंतर, हृदयविकाराचे मृत्यू डाव्या बाजूच्या रुग्णांत ५८ टक्के जास्त होते. किरण न घेतलेल्यांत बाजूने जवळपास काहीच फरक पडला नव्हता.

यंत्राची गोष्ट याला समांतर चालली. मिशिगनमधल्या रॉयल ओक येथे जॉन वाँग यांच्या गटाने १९९९ मध्ये मांडलेल्या उपकरणात रुग्ण तोंडातल्या नळीतून श्वास घेई आणि ठरलेल्या पातळीला झडप बंद होई. मूळ अडचण होती श्वासागणिक हलणाऱ्या अवयवांची. टोरांटोच्या गटाने २००१ मध्ये हाच उपाय स्तनाच्या रुग्णांत हृदय वाचवण्यासाठी वापरून दाखवला. आणि मग २०१३ मध्ये ब्रिटनच्या हार्टस्पेअर अभ्यासात, अवघ्या २३ बायकांवर, असे दिसले की झडपेशिवाय, सांगितल्यावर स्वतःहून श्वास रोखला तरी हृदयाचा बचाव तेवढाच होतो, वेळ कमी लागतो आणि बायकांनाही तेच पसंत पडते. महागडे यंत्र इतक्या लवकर ऐच्छिक ठरावे, हे मोठे गमतीचे.

यावर आक्षेप असा की जुने आकडे जुन्या किरणांचे. आता सीटी स्कॅनवर आखणी होते, मग हा खटाटोप कशाला? डार्बी यांचाच २०१३चा स्वीडन-डेन्मार्कमधला अभ्यास उत्तर देतो: हृदयाला मिळणाऱ्या सरासरी मात्रेत एका ग्रेची (ग्रे हे किरणमात्रेचे एकक) भर पडली की गंभीर हृदयविकाराचा धोका सुमारे ७.४ टक्क्यांनी वाढतो, आणि अमुक मात्रेखाली धोका नाही अशी रेषा सापडली नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. श्वास रोखल्याने मात्रा घटते हे सिद्ध आहे. हार्ट अटॅक घटतात हे दाखवायला मात्र पंधरा-वीस वर्षांची चाचणी लागेल. शिवाय एकूण धोका लहानच: हृदयविकाराची इतर कारणे नसलेल्या पन्नाशीच्या बाईला सरासरी ३ ग्रे मिळाले, तर ऐंशीच्या आत त्याने मरण्याची शक्यता १.९ वरून २.४ टक्क्यांवर जाते, असे त्याच अभ्यासाचे गणित. पण वीस सेकंदांच्या श्वासाची किंमत पाहता एवढा फायदाही सोडून देण्याजोगा नाही. तो सगळ्यांना सारखा मिळत नाही, हे मात्र खरे. काहींचे हृदय मुळातच किरणांच्या वाटेपासून दूर असते. म्हणून साध्या आणि रोखलेल्या श्वासातले दोन्ही स्कॅन शेजारी ठेवून त्या-त्या बाईपुरता निर्णय घेणे रास्त.