टबातलं युद्ध

युद्धाचे खोटे व्हिडिओ ही मोबाइलच्या जमान्याची देणगी, असं कुणी म्हणालं की मी त्याला १८९८ सालची गोष्ट सांगतो.

क्युबावरून अमेरिका आणि स्पेनमध्ये जुंपली होती. ३ जुलैला सँटियागो द क्युबाच्या बंदराबाहेर अमेरिकन नौदलाने स्पेनच्या ताफ्याचा धुव्वा उडवला. पेपरात रकानेच्या रकाने आले. पण लोकांना लढाई पडद्यावर बघायची होती, आणि तिचं चित्रण कुणाकडेच नव्हतं.

न्यूयॉर्कच्या व्हायटाग्राफ कंपनीचे ब्लॅकटन आणि स्मिथ तेव्हा ऐन विशीतले. त्यांनी काय केलं, ते स्मिथने १९५२ च्या आत्मचरित्रात सांगितलंय. रस्त्यावर युद्धनौकांचे मोठे फोटो विकायला होते. ते आणले, नौका कापून काढल्या, लाकडाच्या ठोकळ्यांवर ठोकल्या आणि इंचभर पाण्यात सोडल्या. ओढायला बारीक दोरा. नौकांमागे चिमूटभर बंदुकीची दारू, ती पेटवायला तारेच्या टोकाला स्पिरिटचा बोळा. ब्लॅकटनची बायको सिगारेटचा धूर सोडतेय, ऑफिसमधला पोऱ्या सिगारचा. झाली लढाई! दोनेक मिनिटांची फिल्म, लोकांनी खरी समजून पाहिली. तेव्हाची भिंगं आणि फिल्म इतकी कच्ची होती की सगळे दोष झाकले गेले, असं स्मिथच लिहितो.

पुढे कमी पैशात स्फोट दाखवायचा हा राजमार्गच झाला. त्यामागे साधं गणित आहे. खरी वस्तू १६ पट लहान केली, तर ती ४ पट लवकर कोसळते. मग सेकंदाला २४ ऐवजी ९६ चित्रं घ्यायची आणि नेहमीच्या वेगाने दाखवायची. खेळणं जड वाटायला लागतं. फसतं ते पाणी आणि आगीपाशी, कारण पाण्याचा थेंब आणि ज्योत काही १६ पट लहान होत नाहीत. बारीक बघणाऱ्याला तिथे चोरी कळते.

जपानच्या त्सुबुराया यांनी १९४२ साली पर्ल हार्बरचा हल्ला अशाच छोट्या प्रतिकृतींवर उभा केला, युद्धाच्या प्रचारासाठी. याच माणसाने १९५४ साली ‘गॉडझिला’त खोटं टोकियो पाडलं. कसब तेच. पण गॉडझिला बघणाऱ्याला आपण सिनेमा बघतोय हे माहीत होतं. १८९८ च्या प्रेक्षकाला ते कुणी सांगितलं नव्हतं. दोष दारूचा नाही, पाटीचा आहे.

आज टबाची जागा व्हिडिओ गेमने घेतलीय. ‘आर्मा ३’ या गेमची दृश्यं युद्धाची म्हणून इतकी फिरली की २०२२ मध्ये कंपनीलाच खुलासा करावा लागला. मे २०२५ मध्ये आपल्याकडेही गेममधले स्फोट सीमेवरचे म्हणून फिरले. तेव्हा आमच्या भागातल्या एका जवानाच्या आईने तसलाच एक व्हिडिओ मला पाठवून विचारलं होतं, “भाऊ, ही आमच्या पोराची चौकी तर नाही ना?” त्या घरात दोन दिवस चूल धड पेटली नव्हती.

स्पिरिटचा बोळा लावायला तेव्हा माणूस लागायचा. आता ते काम आपला अंगठा करतो. म्हणून फॉरवर्ड करण्याआधी एवढंच विचारा: हे कुठलं, कधीचं, कुणी काढलं? उत्तर नसेल तर तो व्हिडिओ आपल्यापाशीच थांबू द्या.