विंचूदंशावरची गोळी महाडमध्ये ठरली. विंचू चावला तर काय करायचं?

लाल विंचू चावलेल्या माणसाला आज दवाखान्यात प्राझोसिन नावाची गोळी देतात. ही गोळी मुळात ब्लड प्रेशरची. विंचवाच्या विषावर ती चालते हे ठरलं ते रायगड जिल्ह्यातल्या महाड तालुक्यात, आणि ठरवलं एका ग्रामीण डॉक्टरने.

डॉ. हिम्मतराव बावस्कर हे मूळचे जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातल्या देहेड गावचे. नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजातून एमबीबीएस झाल्यावर १९७६ साली ते महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात तेव्हा विंचू चावून माणसं मरायची, त्यातही लहान पोरं जास्त. गंभीर अवस्थेत दवाखान्यात आलेल्या १०० रुग्णांत साधारण ३० दगावायचे. विंचू उतरवणारा मांत्रिक आधी आणि दवाखाना नंतर, अशी रीत होती. पण दवाखान्यात तरी नेमकं काय करायचं, हे पुस्तकात कुठे नीट लिहिलेलं नव्हतं.

बावस्करांनी काम सुरू केलं ते वहीपेनाने. रुग्ण आला की त्याच्या उशाशी बसायचं, नाडी किती, ब्लड प्रेशर किती, घाम कधी फुटला, उलटी कधी झाली, हातपाय कधी गार पडले, सगळं वेळ टाकून लिहायचं. अशा नोंदी जमत गेल्या तसं एक चित्र दिसायला लागलं. उलटी, अंगातून पाणी निथळावं तसा घाम, हातपाय बर्फासारखे गार, पुरुषांमध्ये लिंगाला ताठरपणा ही लक्षणं आधी दिसतात. त्यानंतर हृदय थकतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. म्हणजे धोक्याची सूचना आधीच मिळते. हे निरीक्षण १९८२ साली ‘लॅन्सेट’ या इंग्लंडच्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. तालुक्याच्या दवाखान्यातल्या केसपेपरवरून तिथपर्यंत पोचणं ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती.

आता विष करतं काय ते बघू. आपल्या नसांमध्ये बारीक दारं असतात, ती उघडझाप करून संदेश पुढे पाठवतात. लाल विंचवाचं विष ही दारं उघडीच ठेवतं. मग नसा थांबेचनात, अंगात अॅड्रेनलीनसारख्या रसांचा पूर येतो. रक्तवाहिन्या आवळतात, ब्लड प्रेशर चढतं. मोटर चालू आणि पुढचा व्हॉल्व बंद, तेव्हा पाइपलाइनचं जे होतं तसं हृदयाचं होतं. शेवटी हृदयाची ताकद संपते, पाणी फुप्फुसात तुंबतं आणि तोंडाला गुलाबी फेस येतो.

दुखणं जर आवळलेल्या रक्तवाहिन्यांचं असेल, तर उपाय त्या सैल करण्याचा. बावस्करांनी पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजातून एमडी केलं आणि परत महाड भागातच आले. आधी त्यांनी सोडियम नायट्रोप्रुसाइड हे औषध वापरून पाहिलं. त्याने फुप्फुसात पाणी झालेले रुग्ण वाचले, पण ते सलाइनमधून थेंबाथेंबाने द्यावं लागतं आणि सतत ब्लड प्रेशर बघत बसावं लागतं. गावच्या दवाखान्यात ते जमणं कठीण. प्राझोसिन हेच काम गोळीने करतं, आणि ती स्वस्त आहे. त्यांनी आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी मिळून याचा अभ्यास केला, तो १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. प्राझोसिन सुरू झाल्यावर त्यांच्याकडचं मृत्यूचं प्रमाण १०० मागे १ च्या आसपास आलं. १०० मागे ३० वरून १, यातच सगळं आलं.

एक प्रश्न उरला होता. विंचवाची लस, म्हणजे विष मारणारं इंजेक्शन, मुंबईत परळच्या हाफकिनमध्ये घोड्याच्या रक्तापासून तयार होऊ लागलं होतं. गोळीसोबत ते दिलं तर फायदा जास्त होतो का? यासाठी महाडला रीतसर चाचणी झाली. ७० रुग्ण घेतले. कोणाला काय द्यायचं हे डॉक्टरच्या मर्जीवर ठेवलं नाही, चिठ्ठी टाकावी तसं ठरवलं. ३५ जणांना गोळी आणि लस, ३५ जणांना नुसती गोळी. १० तासांत पूर्ण बरे झाले ते लस आणि गोळीवाल्यांत ३२ आणि नुसत्या गोळीवाल्यांत ८. हा निकाल २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापला गेला. कोणाला लस मिळाली हे डॉक्टरांना माहीत होतं, एवढी या चाचणीची मर्यादा. तरी ३२ आणि ८ मधला फरक मोठा आहे. बावस्करांना २०२२ साली पद्मश्री मिळाली.

आता कामाचं. लाल विंचू आकाराने लहान, रंगाने तांबूस, पुढच्या नांग्या बारीक. मोठ्या जाड नांग्यांची काळी इंगळी दिसायला भयानक, पण तिच्यापासून जिवाला धोका त्या मानाने कमी. लोक नेमके उलटे घाबरतात. लाकूडफाटा, कौलं, बांधावरचे दगड, भाताचा पेंढा उचलताना, आणि सकाळी चपलेत पाय घालण्याआधी बघून घ्यावं. अल्ट्राव्हायोलेट टॉर्चच्या उजेडात विंचू हिरवट चमकतो, त्यामुळे रात्री शोधायला ती बरी पडते.

चावल्यावर नुसतंच जोरात दुखत असेल आणि बाकी काही नसेल, तर ते बहुतेक दुखण्यावरच थांबतं. तरी काही तास माणसावर लक्ष ठेवावं. पण उलटी, घाम, गार हातपाय, धाप यातलं काहीही दिसलं तर १०८ ला फोन लावावा किंवा मिळेल त्या गाडीने दवाखाना गाठावा. लहान मुलाच्या बाबतीत लक्षणांची वाट बघूच नये, कारण अंग लहान आणि विष तेवढंच. चिरा देणं, आवळून बांधणं, मंत्र, जडीबुटी यात जाणारा वेळच जिवावर बेततो.

प्राझोसिन घरात आणून ठेवायची आणि आपल्या मनाने द्यायची, असं करू नये. तिने ब्लड प्रेशर एकदम उतरू शकतं, म्हणून डोस वजनावर ठरतो आणि गोळी दिल्यावर रुग्णाला झोपवूनच ठेवतात. लघवीला म्हणूनसुद्धा उठवू नये. सापाची लस विंचवाला चालत नाही, दोन्ही वेगळ्या आहेत. जवळच्या आरोग्य केंद्रात विंचवाची लस आणि प्राझोसिन आहे का, हे उन्हाळा लागण्याआधीच ग्रामपंचायतीने विचारून ठेवलं तर ऐन वेळी धावपळ होत नाही.

आणखी एक खूण डॉ. बावस्करांच्या नोंदीतली. विष उतरायला लागलं की डंखाच्या जागी पुन्हा ठणका सुरू होतो. नातेवाईक घाबरतात, पण बहुतेक वेळा रुग्ण सुधारत असल्याचं ते लक्षण असतं.