नोंद आणि निकाल

१८७१ साली इंग्रज सरकारने ‘क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट’ केला. मनुष्याने गुन्हा केला की नाही हे न पाहता, तो ज्या जमातीत जन्मला तिच्यावरून तो गुन्हा करील असे आधीच ठरवावयाचे, हे त्या कायद्याचे मर्म होय. सरकारने एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर केली की त्या जाहीरनाम्याविषयी शंका घेण्याचा अधिकार कोणत्याही न्यायालयास नव्हता. नावे नोंदवहीत चढत, पोलिसांपुढे हजेरी लागे. १९११ च्या कायद्याने बोटांचे ठसेही घेतले जाऊ लागले. सोलापुरात तर तारेच्या कुंपणाआड सेटलमेंट उभी राहिली.

आम्ही नोकरीनिमित्त राहतो ती रायपूरची गुढियारी त्या काळी नागपूरच्या कारभाराखालील मध्यप्रांतात मोडे. या प्रांतातील जातिजमातींवर रसेल व रायबहादूर हीरालाल यांचा चार खंडांचा ग्रंथ १९१६ साली निघाला. तो व्यासंगाचा खराच. परंतु जमातीगणिक स्वभाव सांगण्याची त्या काळची रीत त्यातही आहे.

आज ही नोंदवही दिसत नाही. मोबाइलवर आपण काय वाचले, काय विकत घेतले, कोठे गेलो यांच्या खुणा आपोआप साठतात. त्या आपल्यासारख्या इतरांच्या खुणांशी ताडून हा मनुष्य कर्ज फेडील काय, मत कोणास देईल काय, याचे आडाखे बांधले जातात. सुमारे ८ कोटी ७० लक्ष फेसबुक-वापरकर्त्यांची माहिती राजकीय प्रचाराचे काम करणाऱ्या केंब्रिज ॲनालिटिका या कंपनीच्या हाती गेली असावी, असे खुद्द फेसबुकने २०१८ साली सांगितले. हजेरी देणाऱ्यास आपले नाव वहीत आहे हे निदान ठाऊक असे. आजच्या मनुष्यास तेही ठाऊक नसते.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. २०२३ च्या कायद्यात आपल्याविषयीची माहिती दुरुस्त करून घेण्याची तरतूद आहे. परंतु नोंद सुधारली म्हणजे तीवरून काढलेला निष्कर्षही सुधारतोच असे नाही. १८७१ पासूनची ती कायद्यांची मालिका ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाली. तरीही तुरुंगांच्या नोंदवह्यांतील जातीचा रकाना काढून टाका, असे सर्वोच्च न्यायालयास ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सांगावे लागले.

आपणांपैकी बहुतेकांचे आयुष्य रकाने भरण्यात जाते. म्हणून हा विवेक आपणांस अधिक लागू आहे. माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामापुरती वापरावी. आणि जिच्याविषयी निकाल होतो त्या व्यक्तीस तो कळावा, त्यावर हरकत घेता यावी. १८७१ च्या कायद्याने नेमकी हीच वाट बंद केली होती.