इंधनदाबाच्या काट्याचं कूळ

चढ लागला की गाडी दम टाकते, सकाळी दोन-तीनदा सेल्फ मारल्याशिवाय सुरू होत नाही, ॲक्सिलरेटर दाबला की क्षणभर अडखळते. गॅरेजमध्ये मग प्लग बदलले जातात, कॉइल बदलली जाते, इंजेक्टर साफ होतात. टाकीतल्या पंपाकडून इंजेक्टरपर्यंत पेट्रोल किती दाबानं पोचतंय, हे मोजायचं मात्र राहून जातं. त्यासाठी सामान थोडकंच लागतं: एक गोल गेज, एक टी-जॉइंट, वीतभर पाइप आणि चार क्लिपा. बॉनेट उघडून घरच्या घरी ते जोडणारे हौशी लोक जगभर आहेत. त्यांच्या हातातलं ते गेज पावणेदोनशे वर्षांच्या घराण्यातलं आहे, आणि ते घराणं मुळात मोटारीचं नाही. ते वाफेच्या बॉयलरचं आहे.

त्याही आधी दाब मोजायचा तो पाऱ्यानं. १६४३च्या सुमारास इटलीत तोरिचेल्लीच्या प्रयोगानं दाखवून दिलं की, हवेचा दाब नळीतला पारा सुमारे ७६० मिलिमीटर उंच तोलून धरतो. जेम्स वॉटच्या इंजिनांतली वाफ वातावरणाच्या दाबाच्या आसपासचीच असे, तिला ही पाऱ्याची नळी पुरली. रिचर्ड ट्रेव्हिथिकनं जास्त दाबाची वाफ वापरायला घेतली आणि खेळ बदलला. १८०३ साली लंडनजवळ ग्रीनिचला त्याचा एक बॉयलर फुटला, माणसं दगावली. आत किती दाब साठलाय हे बाहेरून कळणं हा तेव्हापासून जिवाचा प्रश्न झाला. पण दाब पाच-सहा पट वाढला तर पाऱ्याचा स्तंभही तितकाच वाढणार. धडधडत धावणाऱ्या रेल्वे इंजिनावर चार मीटर उंचीची पाऱ्याची काचनळी कोण सांभाळणार?

उत्तर सापडलं पॅरिसमधल्या एका यंत्रशाळेत. तिचा मालक यूजेन बूर्दों, जन्म १८०८चा. वाफ थंड करण्यासाठी त्याच्या कारागिरांनी एक वेटोळी नळी वळवली होती आणि वळवताना ती चेपली. चेपलेली नळी पुन्हा गोल व्हावी म्हणून तिचं एक तोंड बंद करून आत दाबानं पाणी सोडलं. नळी फुगून गोल होऊ लागली, आणि तसतशी तिची वेटोळीही उलगडू लागली. दुसऱ्या कुणी ती नळी भंगारात टाकली असती. बूर्दोंनं नळी किती उलगडते आणि दाब किती वाढतो यांचा मेळ घातला. १८४९मध्ये त्यानं पेटंट घेतलं.

आजचं दाबाचं काट्याचं गेज उघडून पाहा, आत बहुतेक वेळा तीच नळी दिसेल. पितळेची किंवा फॉस्फर ब्राँझची, चपटी, इंग्रजी सी अक्षरासारखी वाकवलेली, एक टोक पक्कं बसवलेलं आणि दुसरं बंद, मोकळं. जत्रेतली गुंडाळलेल्या कागदाची पिपाणी फुंकल्यावर सरळ होते, तसंच इथंही घडतं. फरक एवढाच की धातूची ही नळी पूर्ण सरळ होत नाही, तिचं मोकळं टोक जेमतेम काही मिलिमीटर सरकतं. त्या टोकाला बारीक दांडी, दांडीला दातेरी चाकाची पाकळी आणि पाकळीला इवलं दातेरी चाक. या चाकाच्या आसावर काटा बसवलेला असतो. दात्यांमधली ढिलाई काढायला घड्याळात असते तशी केसासारखी स्प्रिंग. एवढ्या खटाटोपानं टोकाची इवलीशी हालचाल काट्याचा पाऊण फेरा बनते. वीज नको, सेल नको. इतकं कमी मागणारी आणि इतकी वर्षं टिकून राहिलेली यंत्रं फार थोडी आहेत.

कूळ म्हटलं की वारसाहक्काचे तंटे आलेच. हवा काढलेल्या धातूच्या डबीवर चालणारा वायुभारमापक ल्युसियाँ विदीनं आधीच केला होता. आपलीच कल्पना चोरली म्हणून त्यानं बूर्दोंला कोर्टात खेचलं. खटला वर्षानुवर्षं चालला आणि अखेर विदीला भरपाई मिळाली. मला विचाराल तर डबी आणि नळी ही दोन निराळी डोकी आहेत, बूर्दोंचं श्रेय त्यानं कमी होत नाही. त्याच सुमारास जर्मनीत माग्देबुर्गच्या बेर्नहार्ट शेफरनं लवचीक पडद्यावर चालणारं गेज काढलं, तेही टिकलं. १८५१च्या लंडनमधल्या महाप्रदर्शनात बूर्दोंचं गेज गाजलं. लवकरच एडवर्ड ॲशक्रॉफ्टनं त्याचे अमेरिकेतले हक्क घेतले.

आपल्याकडे हा काटा पाहायचा तर साखर कारखान्याच्या बॉयलरवर पाहावा. तबकडीवर परवानगीच्या कमाल दाबाशी तांबडी खूण असते. गेजच्या खाली वेटोळं घातलेला एक पाइप असतो, नवख्याला तो उगाच वळवलाय असं वाटतं. त्या वेटोळ्यात वाफेचं पाणी होऊन साचून राहतं. गेजच्या नळीवर दाब येतो तो या पाण्याचा, कढत वाफ तिथवर पोचतच नाही. मोजायचं ते धोक्याचं असेल तर त्याला काट्यापासून लांब ठेवायचं, मधे दुसरं काही घालायचं, ही घराण्याची शिस्त. मोटारीत काटा आला तेव्हा ही शिस्त सगळ्यांनी सोबत आणली नाही, म्हणून इथं मुद्दाम सांगतो.

मोटारींना सुरुवातीला इंधनाचा दाब मोजायची गरजच नव्हती. १९०८च्या फोर्ड मॉडेल टीमध्ये पेट्रोल टाकीतून उतारानं कार्ब्युरेटरमध्ये यायचं. तीव्र चढावर टाकी खाली राही आणि पेट्रोल येईनासं होई, म्हणून लोक गाडी उलटी करून रिव्हर्समध्ये चढ चढत. मोठ्या, महागड्या गाड्यांत टाकीत हवेचा दाब भरून पेट्रोल पुढे ढकलत. त्यासाठी चालकाजवळ हातपंप असे आणि समोर दाबाचं छोटं गेज. म्हणजे बॉयलरचा काटा इंधनापाशी आला तो असा, पेट्रोलवरची हवा मोजत.

पुढे इंजिनावर चालणारा डायफ्रामचा पंप आला आणि ते गेज गेलं. त्या पंपाचा दाब तीन ते सहा पाउंड, बस. आपल्या अँबॅसडर-पद्मिनी याच जातीच्या. उन्हाळ्यात घाट चढताना पंपात पेट्रोलची वाफ अडकून गाडी बंद पडे आणि माणसं पंपावर ओलं फडकं घालून बसत. दाबाचं दुखणं तेही होतं, पण ते काट्यावर कुणी पाहत नसे.

काट्याला खरे दिवस आले ते फ्युएल इंजेक्शनमुळे. १९६७मध्ये फोक्सवॅगनच्या १६०० मोटारीवर बॉशची इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन पद्धत आली. तिचा दाब सुमारे दोन बार होता. आजच्या साध्या एमपीएफआय गाड्यांत तो बहुधा तीन ते चार बार, म्हणजे पंचेचाळीस ते साठ पाउंडांच्या आसपास असतो. इंजेक्टर पेट्रोल मोजत नाही, तो काही मिलिसेकंद उघडतो आणि मिटतो. दाब ठरल्याइतका आहे असं धरूनच संगणक ते मिलिसेकंद ठरवतो. दाब पाव भागानं घटला तर पेट्रोल तेरा टक्क्यांच्या आसपास कमी पडतं. मग गाडी दम टाकते, आणि आपण प्लग बदलत बसतो.

म्हणून गेज लावण्याची हौस मला मनापासून पटते. पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवायचं म्हणजे लाइनमधला दाब उतरतो. मग बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडवायचं, जोड सोडताना खाली फडकं धरायचं, जवळ आग विझवायचा सिलिंडर ठेवायचा आणि गाडी मोकळ्या हवेत, थंड इंजिनावर हवी. पाइप इंजेक्शनच्या दाबाचाच घ्यावा, कार्ब्युरेटरचा चालत नाही. काही गाड्यांच्या फ्युएल रेलवर टायरच्या वॉल्वसारखा तयार वॉल्व असतो, तिथं टी-जॉइंटही लागत नाही. बॅटरी आणि फ्यूज परत जोडून किल्ली फिरवली की पंप दोनेक सेकंद चालतो आणि काटा उसळी घेऊन थांबतो. नंतर तो तिथंच राहिला पाहिजे. लगेच घसरला तर पंपाचा चेक वॉल्व, रेग्युलेटर किंवा गळका इंजेक्टर, यांपैकी कुणीतरी दाब सोडतंय. ज्या गाडीत रेग्युलेटरला व्हॅक्यूमचा पाइप आहे, तिथं चालू इंजिनावर तो उपसला की दाब साधारण अर्ध्या बारनं चढतो. उपसलेल्या पाइपात पेट्रोल दिसलं तर रेग्युलेटरचा पडदा फाटलाय, आणखी तपासायची गरज नाही.

कॉमन रेल डिझेलच्या उच्चदाबाच्या लाइनला मात्र हात लावू नका. तिथं हजार बारच्या वर दाब असतो, बारीक चिळकांडीही कातडी भेदून आत शिरते. थेट इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांचीही उच्चदाबाची बाजू याच यादीत.

आणि गेज कायमचं डॅशबोर्डवर हवं असेल तर पेट्रोलचा पाइप फायरवॉलमधून आत, पायांपाशी आणू नका. विजेवर चालणारा सेन्सर बसवा म्हणजे आत येईल ती फक्त वायर, किंवा पडदा असलेला आयसोलेटर बसवा म्हणजे आत येईल ते अँटिफ्रीझ. बॉयलरखालच्या वेटोळ्याचं काम तेच होतं. यातलं काहीच जमत नसेल तर गेज बॉनेटखाली लावा, आकडा लिहून घ्या आणि काम झालं की काढून ठेवा.