जोगी की भगत? : ज्ञानदेवांच्या वाटेसंबंधी थोडे चिंतन

सरकारी नोकरीने आम्हांस रायपुरास आणले, आणि शंकर नगरात बिऱ्हाड थाटल्यावर तेथील चारसहा मराठी कुटुंबांशी आमचा घरोबा जडला. त्यांपैकी एका वयोवृद्ध गृहस्थांच्या घरी दर एकादशीस सायंकाळी हरिपाठ होतो. मागे एकदा हरिपाठ आटोपल्यावर त्यांच्या नातवाने सहज सुचविले की, पुढच्या खेपेस ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय वाचावा. हा मुलगा पहाटे बागेत आसने व प्राणायाम करतो. त्या अध्यायात योगाचे वर्णन आहे एवढे त्याने कोठेतरी ऐकले होते. आजोबांनी मान हलविली. "तो योग्यांचा विषय. आपण नामाची माणसे. आपल्याला बारावा पुरे."

योगायोग असा की, त्याच आठवड्यात आमच्या कचेरीतील एका छत्तीसगढी सहकाऱ्यांनी आम्हांस निराळ्याच अंगाने तोच प्रश्न केला. हे गृहस्थ कबीरपंथी. या पंथाच्या एका शाखेची मुख्य गादी येथून जवळच दामाखेड्यास आहे. त्यांनी विचारले, "तुमचे ज्ञानदेव जोगी की भगत?" आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने "भगत" असे उत्तर दिले, आणि घरी आल्यावर ते उत्तर आम्हांसच खोटे वाटू लागले. त्या अस्वस्थतेतून हा लेख निर्माण झाला आहे.

प्रथम ज्ञानदेव स्वतःविषयी काय सांगतात ते पाहू. शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, रामदेवराव यादवाच्या अमदानीत नेवासे येथे ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. ग्रंथाच्या अखेरीस त्यांनी आपली गुरुपरंपरा दिली आहे. आदिनाथ, मत्स्येंद्रनाथ, गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ आणि मग स्वतः ज्ञानदेव, असा तो क्रम आहे. ही उघडउघड योग्यांची परंपरा होय. छत्तीसगढात भरथरीची कथा गाण्याची जुनी रीत आहे. सन २०१८ मध्ये निवर्तलेल्या सुरुजबाई खांडे यांनी ती दूरवर पोहोचविली. त्या कथेतील राजा राज्य टाकून ज्याच्या चरणी जातो, तो गोरखनाथ आणि आमच्या ज्ञानदेवांचा पणजेगुरू गोरक्षनाथ एकच. मराठी माणूस ज्याला आपल्या घरातला समजतो, त्याचे कूळ असे साऱ्या हिंदुस्थानात पसरलेले आहे.

आता सहाव्या अध्यायाकडे वळू. मूळ गीतेत या ठिकाणी योगाभ्यासाचे वर्णन मोजक्या श्लोकांत आहे: शुद्ध जागा, स्थिर आसन, सरळ पाठ, नासिकाग्री दृष्टी. कुंडलिनीचे तेथे नावही नाही. ज्ञानदेवांनी मात्र या श्लोकांवर भाष्य करताना मूळबंध, जालंधर आणि वोढियाणा हे तीन बंध सांगितले, निद्रिस्त कुंडलिनीची जागृती वर्णिली आणि ती शक्ती ऊर्ध्वगामी झाली असता देहाचे काय होते हेही सांगितले. हा नाथांच्या घरचा गुह्य संकेत आहे, असे ते स्वतःच म्हणतात. या मार्गाला त्यांनी 'पंथराज' ही पदवी दिली. आमच्या मते ही गोष्ट अत्यंत महत्त्वाची आहे. जी विद्या गुरूने शिष्याच्या कानात सांगावयाची, ती त्यांनी मराठीत, श्रोत्यांच्या भर सभेत सांगितली. योग ज्याला नकोसा झाला आहे, तो मनुष्य असे करील काय?

येथे एक शंका संभवते. बाराव्या अध्यायात हेच ज्ञानदेव अव्यक्ताच्या मागे लागणाऱ्या योग्यांचे क्लेश मोठ्या विस्ताराने वर्णितात आणि भक्तांची वाट सोपी म्हणतात. हरिपाठात तर भावावाचून योगयागादि विधी सिद्धीस जात नाहीत, असा स्पष्ट अभिप्राय आहे. मग पंथराज कोणता? हा विरोध एवढा ठळक वाटला की, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिवराम एकनाथ भारदे यांनी 'भारद्वाज' या नावाने 'सुधारक' पत्रात लेख लिहून ज्ञानदेव एक नसून दोन होते, असा पक्ष मांडला. ज्ञानेश्वरीत विठ्ठलाचे नाव नाही आणि अभंग तर विठ्ठलाने भरलेले आहेत, हा त्यांचा एक प्रमुख मुद्दा होता. बहुतेक अभ्यासकांनी तो पक्ष स्वीकारला नाही. परंतु त्या वादामागे एक गृहीत दडलेले आहे, आणि ते आजही आमच्या मनात घर करून आहे: योगी व भक्त ही दोन निराळीच माणसे असली पाहिजेत!

ज्ञानदेवांच्या भोवतालच्या मंडळींना मात्र तसे वाटत नव्हते. वारकरी परंपरेने जपलेल्या दोन कथा शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. त्या अक्षरशः घडल्या, असा आमचा आग्रह नाही. लोक कोणत्या कथा सांभाळून ठेवतात, यालाही इतिहासात मोल असते.

पहिली कथा चांगदेवाची. तो योगसिद्धींनी संपन्न, दीर्घायुषी, वाघावर बसून येणारा. ज्ञानदेवांस पत्र लिहावयास बसला, तर मायना कोणता घालावा हेच त्याला सुचेना; वयाने ते लहान, ज्ञानाने थोर. अखेर त्याने कोरा कागद पाठविला. त्याचे उत्तर म्हणून ज्ञानदेवांनी ज्या पासष्ट ओव्या लिहिल्या, त्या 'चांगदेवपासष्टी' म्हणून प्रसिद्ध आहेत. पुढे हा योगिराज चिमुकल्या मुक्ताबाईचा शिष्य झाला. एवढा योग साधूनही तो कोराच राहिला होता, हे या कथेचे तात्पर्य.

दुसरी कथा नामदेवांची. विठ्ठलाशी ज्याचे नित्य बोलणे, असा हा लाडका भक्त. संतांच्या मेळ्यात गोरा कुंभाराने थापटण्याने एकेकाचे डोके ठोकून पाहिले आणि हे मडके कच्चे आहे, असा निवाडा नामदेवांविषयी दिला. तेव्हा ते गुरूच्या शोधात निघाले व विसोबा खेचरांपाशी आले. विसोबा शिवालयात पिंडीवर पाय ठेवून निजलेले; नामदेवांनी ते पाय उचलून जिकडे ठेवावेत तिकडे पिंडी! येथे गुरूच्या नावाकडे लक्ष द्यावे. 'खेचर' म्हणजे आकाशात संचार करणारा. हा योगमार्गातील शब्द असून खेचरी मुद्रा त्याच शब्दावरून झाली आहे.

म्हणजे पाहा, एका कथेत योग्याला अपुरे ठरवून भक्तांच्या घरी पाठविले आहे, तर दुसरीत भक्ताला कच्चे ठरवून योग्याच्या पायाशी बसविले आहे. ज्या समाजाने या दोन्ही कथा एकाच कीर्तनात ऐकल्या, त्याच्या दृष्टीने योगाविना भक्ती भाबडी राहते आणि भक्तीविना योग गर्विष्ठ होतो. गीतेच्या सहाव्या अध्यायाचा अखेरचा श्लोकही हेच सांगतो: सर्व योग्यांमध्ये जो श्रद्धेने भगवंतास भजतो, तो श्रेष्ठ. योगाचा अध्याय भजनापाशी येऊन थांबतो. हरिपाठातील निषेध योगाचा नव्हे, भावशून्य योगाचा आहे, असे आम्हांस वाटते.

नामदेवांच्या उत्तरायुष्यातही याची खूण सापडते. सन १२९६ मध्ये ज्ञानदेवांनी आळंदीस समाधी घेतली. नामदेव पुढे उत्तरेत गेले. पंजाबात घुमान येथे त्यांचे स्मरण आजही जागते आहे. गुरु ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत. त्यांत विठ्ठलाचे नाव येते, आणि इडा, पिंगला, सुषुम्ना हे नाडीयोगाचे शब्दही येतात. शिंप्याच्या कुळातील हा भक्त परप्रांतात, परभाषेत गाऊ लागला, तेव्हा विसोबांनी दिलेले धन त्याने पंढरीस ठेवून दिले नव्हते. पुढे कबीरांनी नामदेवांचे नाव आदराने घेतले. आणि कबीरांच्या वाणीतही रामनाम व जोग्यांची परिभाषा हातात हात घालून चालतात. आमच्या सहकाऱ्यांच्या प्रश्नाचे बीज असे आमच्याच अंगणात होते.

कारकुनी करून संसार चालविणाऱ्या आम्हां माणसांस तीन बंध साधतील, असे मुळीच नाही. गुरूवाचून ते करू नयेत, असेच जाणते सांगतात. परंतु ज्ञानदेवांनी तो पंथ सर्वांच्या कानी घातला, त्याचा हेतू प्रत्येकाने गुहेत बसावे असा नसावा. चित्त एका ठिकाणी स्थिर होणे हे योगाचे सार असेल, तर ते नामात, टाळाच्या ठेक्यात, विटेवरील समचरणांवर खिळलेल्या दृष्टीतही लाभू शकते. मात्र ते तेथे शोधले पाहिजे. नुसता ओठांचा हरिपाठ आणि नुसता सांध्यांचा योग, दोन्ही सारखेच कोरे.

आमच्या सहकाऱ्यांस आम्ही दुसरे उत्तर दिले: "जोगीच. पण जोग्यांच्या घराचे दार त्यांनी भगतांसाठी उघडे टाकले." त्यांनी ते मान्य केले. शंकर नगरातील आजोबांस अद्याप विचारावयाचे आहे. येत्या एकादशीस सहावा अध्याय नातवाने वाचावा आणि आजोबांनी त्याचा अर्थ सांगावा, अशी विनंती आम्ही करणार आहोत. एकाच छपराखाली एकाकडे योग व दुसऱ्याकडे नाम अशी वाटणी झाली आहे. ती ज्ञानदेवांनी केलेली नाही, एवढे जरी त्या दिवशी ध्यानात आले तरी पुष्कळ झाले.